मी खोडलेलं खाडवळांचं पान

मित्रांनो, हसू नका. चण्याएवढा उरलोय खरा. एक कोपरा काळाकुट्ट, दुसरा कुणीतरी चावलेला. पण मी एक जुना खोडरबर आहे, आणि माझ्या अंगाखालून जेवढे शब्द गेले तेवढे तुमच्या मास्तरांच्या नजरेखालूनही गेले नसतील. लिहिलेलं सगळेच वाचतात. खोडलेलं काय होतं ते एकट्या मला ठाऊक असतं.

माझा जन्म साकीनाक्याचा. एका चिंचोळ्या गल्लीत पत्र्याच्या छपराचा गाळा होता, शेजारच्या गाळ्यात दिवसभर लोखंड कापायचे, त्यामुळे जन्मतःच माझे कान किटले. पांढऱ्या रबराची लांबच लांब पट्टी यायची आणि कमलताई नावाच्या बाई मशीनवर तिचे तुकडे पाडायच्या. मी जरा तिरकाच कापला गेलो. कमलताईंनी मला उचललं, टाकाऊच्या टोपलीकडे हात नेला आणि मग थांबल्या. "वाकडा असला म्हणून काय झालं? पुसेल ना!" असं म्हणून त्यांनी मला डब्यात टाकलं. त्यांचं भलं होवो.

तिथून मी बोरीवलीला एका स्टेशनरीच्या दुकानात आलो आणि तिथून हर्षदच्या कंपासपेटीत. हर्षद तेव्हा दुसरीत होता. त्याची गणितं मी खोडली, शुद्धलेखनं खोडली, एकदा तर आईची सहीदेखील खोडली. त्याबद्दल मात्र मला बोलायचं नाही. त्याने मला कर्कटकाने भोकं पाडली, चावलं, बाकावरून फेकलं. तरी बाई एकदा वर्गात म्हणाल्या होत्या, "हर्षद, तुझी वही किती स्वच्छ रे!" ती स्वच्छता कुणाची होती? पण माझं नाव कोण घेतो! पुढे स्ट्रॉबेरीच्या वासाचा एक गुलाबी खोडरबर घरात आला. दिसायला झकास, खोडायला शून्य. नुसता काळा फराटा ओढायचा. पण पोरांना वास हवा! मी खणाच्या तळाशी गेलो, जुन्या चाव्या आणि तुटक्या बटणांच्या सोबतीला. सहा-सात वर्षं मी अंधारात काढली, मित्रांनो. रडू आलं असतं, पण खोडरबराला रडता येत नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये खण उघडला. हर्षद आता पंधरा वर्षांचा, ओठांवर मिशीची नुसती अफवा, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. त्याच्या हातात एक जाडजूड वही होती. त्याने मला चिमटीत धरून एक आकडा खोडून पाहिला. कागद कोरा करकरीत! "अरे, हा तर अजून मस्त चालतो," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी कौतुकाचा एक शब्द ऐकला आणि माझा सगळा राग गेला. आम्ही असेच भोळे.

ती वही म्हणजे हर्षदने रचलेला एक खेळ होता. टेबलाभोवती बसून खेळायचा. एक जण गोष्टकार होतो आणि गोष्ट सांगत जातो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी म्हणतं, मी भिंतीवर चढतो. गोष्टकार म्हणतो, टाक फासे. फाशांवर पडलेला आकडा आणि तुमच्या अंगचं बळ यांची बेरीज पुरेशी झाली तर चढलात, नाहीतर आपटलात. माणसं तरी कसली? चार अजब जमाती. कातळे म्हणजे खडकासारखे दणकट. पाखरे पंखवाले. भुयारे जमिनीखाली राहणारे, अंधारात बघणारे. आणि खाडवळ, जे खाडीच्या पाण्यात जन्मतात आणि पाण्यासारखेच चढतात-उतरतात. प्रत्येक जमातीला बळ, चपळाई, शहाणपण आणि तग मिळून बरोब्बर वीस गुण. कागदावर सगळे सारखे!

कागदावर, बरं का. प्रत्यक्षात पहिल्याच रविवारी वाट लागली. हर्षदचा मित्र सुयोग कातळा झाला आणि समोर येईल ते फोडत सुटला. दार आलं, फोडलं. राक्षस आला, फोडला. कोडं घालणारी म्हातारी आली, तर हा म्हणे, "तिचं घर फोडतो." मग हर्षदने मला घेऊन कातळ्यांचं बळ आठावरून सातावर आणलं. दुसऱ्या रविवारी सुयोग पाखरा झाला आणि सगळा किल्ला वरूनच ओलांडून खजिना घेऊन आला. खेळ दहा मिनिटांत खलास! मी पुन्हा कामाला. उडताना ओझं नेता येणार नाही, असा नियम लिहिला गेला. एका जमातीचं कमी करावं तर दुसरी डोक्यावर बसायची. हर्षदच्या अगदी नाकी नऊ आले. माझं म्हणाल तर मी रोज झिजत होतो आणि मनातून खूश होतो. कामाचा माणूस कामात सुखी.

खेळायला तिसरी यायची नमिता. ती मनोरीची, कोळ्यांच्या घरातली. दहावीच्या क्लासमध्ये या दोघांची तिच्याशी ओळख झाली होती. दर रविवारी सकाळी बोटीने मार्व्याला, तिथून एक बस, मग दुसरी बस, असं करत ती बोरीवलीला हर्षदच्या घरी पोचायची. ती पहिल्या दिवसापासून खाडवळच झाली. "माझीच माणसं ना रे ही!" असं म्हणून तिने आपल्या खाडवळीचं नाव ठेवलं चिवणी. चिवणी हा खाडीतला मासा, अंगाने बारका पण काट्याने तापट. नावाप्रमाणेच तिची चिवणी कुणाला हार जात नसे, पण का कोण जाणे, फार वेळा मरत असे.

का ते मला माहीत होतं. गोष्टकाराची वही खेळणाऱ्यांनी बघायची नाही, असा हर्षदचा कडक नियम होता. आणि त्या वहीत खाडवळांच्या पानावर त्याने लिहिलं होतं: पौर्णिमेला भरती, म्हणून यांचं बळ दुप्पट. अमावास्येला पाणी नसतं, म्हणून बळ निम्मं. खेळातला पहिला दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथीचा असायचा आणि एका बैठकीत गोष्टीतला महिना सरायचा, म्हणून अमावास्या दर खेळात यायचीच. एक दिवस दुप्पट, एक दिवस निम्मं, झाली बरोबरी, असा त्याचा हिशोब. "आम्ही कोकणातले. आम्हाला समुद्र शिकवू नका," असं तो सुयोगला ऐटीत सांगायचा. आता काय बोलावं! याचं गाव कोकणात आहे हे खरं, पण सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रापासून एसटीने दोन तास. आणि हा वाढला कुठे, तर नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून. समुद्राशी याची भेट वर्षातून एकदा, तीही भेळ खायला. ज्यांची जमात लिहायची त्यांचीच पोरगी दर रविवारी समोर बसत होती, पण तिला एका शब्दाने विचारावं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मधेच सोसायटीच्या वाचनालयातल्या संघमित्राताईंनी हा खेळ पाहिला. त्यांना तो इतका आवडला की वाचनालयाच्या वाढदिवसाला, पुढचा एक रविवार सोडून त्यानंतरच्या रविवारी, बारा मुलांना तो खेळायला द्यायचं त्यांनी ठरवलं. फक्त एक अट घातली. "जमात चिठ्ठी टाकून मिळेल. पण मला वाईट जमात आली, म्हणून एकही पोर रडत उठता कामा नये हं, हर्षद." हर्षदने मान डोलावली. त्याचा पहिलाच खेळ, पहिलेच परके खेळाडू! आठ दिवस त्याला नीट जेवण गेलं नाही.

मग आला वाढदिवसाच्या आधीचा रविवार. तिथी अमावास्या. गोष्ट अशी होती की दोघांची बोट खाडीच्या चिखलात रुतली आहे आणि मागून चाचे येत आहेत. सुयोगच्या कातळ्याने बोट ढकलली, हलेना. तेव्हा नमिता पुढे सरकून बसली. तिचे डोळे चमकत होते.

"कुणी काही करू नका," ती म्हणाली. "आज अमावास्या आहे ना? म्हणजे उधाण. दुपारी बाराला पाणी नेहमीपेक्षा वर येणार. चिवणी नुसता दोर धरून थांबते. बोट आपोआप तरंगेल."

सुयोगने शीळ घातली. "काय डोकं आहे यार!"

हर्षदने वहीत पाहिलं. मी वहीवरच बसलो होतो, त्याचा चेहरा मला दिसत होता. "पाणी येत नाही," तो म्हणाला. "अमावास्या आहे. पाणी गेलेलं आहे. चिवणीचं बळ निम्मं. चाचे पोचले. टाक फासे."

फासे पडले तीन आणि एक. चिवणी मेली.

नमिता म्हणाली, "थांब हं. अमावास्येला पाणी गेलं? कुठे गेलं?"

"अमावास्येला भरती नसते. पौर्णिमेला असते."

"कुणी सांगितलं तुला? दोन्हीला उधाण असतं! आमच्याकडे शेंबडं पोर पण सांगेल!"

मित्रांनो, इथे "अरेच्चा, चुकलं की!" एवढं म्हटलं असतं तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण सुयोग हसला, आणि त्या हसण्याने हर्षद कानापर्यंत लाल झाला. "या खेळात असंच आहे," तो म्हणाला. "गोष्टकार मी आहे."

सुयोग बिचारा भांडण मिटवायला गेला आणि तेल ओतून बसला. "अरे, ती जमातच काढून टाक ना. नाहीतरी ती बॅलन्स होतच नाहीये. ज्याला ती चिठ्ठी येईल तो रडणार. तीन जमाती बास झाल्या."

नमिताने हर्षदकडे पाहिलं. तो नाही म्हणेल अशी तिला आशा होती, मलाही होती. तो वहीकडे बघत राहिला. "बरोबर आहे तुझं," तो सुयोगला म्हणाला. नमिताने पिशवी उचलली. "काढ मग. मला काय, मी नाही येत आता," असं म्हणून ती चपला घालून निघून गेली.

दुपारी हर्षदने मला हातात घेतलं आणि खाडवळांचं पान उघडलं. राग त्याचा, झिजणारा मी! त्याने आधी बळ खोडलं, मग चपळाई. मग खाडवळांची घरं खोडली, ती कालवांच्या शिंपल्यांची होती. त्यांचं जेवण, त्यांचा नमस्कार, त्यांचं ओल्या हातांनी एकमेकांच्या कपाळाला पाणी लावणं, सगळं माझ्या अंगाखाली गेलं. शेवटी वरचं नाव गेलं. आयुष्यभर मी चुका खोडत आलो आणि त्याचा मला अभिमान होता. पण त्या दुपारी मी चूक खोडत नव्हतो, चुकीऐवजी माणसं खोडत होतो, आणि मला ते कळत होतं. मला हातपाय असते तर मी पळून गेलो असतो. खोटं कशाला सांगू, लाज वाटली.

पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ उरली होती. हर्षद दर रविवारी खेळात काय घडलं ते तिथे टिपून ठेवायचा. "चिवणीने सुयोगला तीनदा वाचवलं. तिन्ही वेळा बळ निम्मं असताना." माझा कोपरा त्या ओळीवर टेकला आणि हर्षदचा हात थांबला. ती ओळ त्याने दोनदा वाचली. मग उठून मोबाइलवर भरतीच्या वेळा शोधल्या. मग कपाळावर हात मारला आणि नुसता बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला शर्टाच्या खिशात टाकलं, वही काखोटीला मारली आणि तो मार्व्याला गेला. खिशाच्या कडेवरून मी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. दुपारचा एक वाजत आला होता. धक्क्याच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, फक्त वरच्या दोन दिसत होत्या. काल अमावास्या झालेली, आणि हे एवढं पाणी! हर्षद त्या पायऱ्यांकडे बघतच राहिला. बोटवाला ओरडला तेव्हा कुठे तो बोटीत चढला.

नमिताच्या घरापुढे वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील वाळत होते. तिची आजी कृष्णाबाई ओट्यावर जाळं सांधत बसली होती. तिने हर्षदला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तूच काय रं तो? तुज्या खेलात माजी नात मेली म्हनं?"

"हो, आजी," हर्षद म्हणाला. बिचारा दुसरं काय म्हणणार!

"आवसेचं पानी नसतं, असं तुला कोनी सांगलं?"

"कुणी नाही. मीच ठरवलं."

कृष्णाबाई इतकी हसली की तिच्या हातातली सुई खाली पडली. "आवं, दर्या काय तुला इचारून चढतो?"

नमिता दारात येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून. हर्षदने वही तिच्यापुढे धरली. गोष्टकाराची वही, कुणी बघायची नाही ती! तिने पान उघडलं. पान रिकामं होतं, पण जोर देऊन लिहिलेलं माझ्याने पुरतं जात नाही. कागदावर वळ राहतात. ती पान उन्हात तिरकं धरून ते वळ वाचत गेली.

"सगळं खोडलंस?" तिने विचारलं.

"हो. रागात. चूक माझी होती, सॉरी."

"तू मला इतके रविवार मारलंस, हर्षद. मी तीन तास प्रवास करून मरायला यायचे. मला वाटायचं माझेच फासे वाईट आहेत. एकदा, एकदाच विचारलं असतंस तर?"

हर्षदच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते लपवलं नाही, हे मला आवडलं. "आत्ता विचारतो," तो म्हणाला. "सांगशील?"

नमिताच्या आधी आजीच म्हणाली, "सांगून समजायचं नाय. बस संध्याकाळपावेतो, डोल्यांनी बघ."

म्हणून तो बसला. घरी फोन केला, आजीच्या हातचं सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवला, जाळ्याची सुई ओवायचा प्रयत्न केला आणि बोट टोचून घेतलं. ऊन उतरायला लागलं तसं पाणी मागे सरलं. सरत सरत इतकं लांब गेलं की दुपारी डुलणाऱ्या होड्या चिखलात आडव्या पडल्या आणि बाया टोपल्या घेऊन पार खाली कालवं काढायला गेल्या. हर्षद उभाच राहिला. "एवढं चढलं होतं, ते एवढं उतरलं?"

"तेच तर उधान," आजी म्हणाली. "जेवडं चढल तेवडंच उतरल. पुनवेला बी, आवसेला बी. आनि अष्टमीला भांग. मंग ना लई चढत, ना लई उतरत. दर्या कुनाचं उधार ठेवत नाय बाला."

हर्षद वळून नमिताकडे बघायला लागला आणि ती त्याच्याकडे. दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली असावी, कारण दोघं एकदमच बोलायला लागली. उधाणाच्या दिवशी भरतीला खाडवळांचं बळ दुप्पट, पण सहा तासांनी ओहोटीला निम्मं, त्याच दिवशी! भांगाच्या दिवशी दिवसभर सारखं. म्हणजे खाडवळाने नुसते फासे टाकायचे नाहीत, वेळ ओळखून चालायचं. जो पाण्याची वेळ साधेल तो कातळ्यालाही भारी, जो चुकेल तो चिखलात. इतके दिवस हर्षद ज्या बरोबरीसाठी आकडे खोडत बसला होता, ती इथे दारात रोज दोनदा येऊन जात होती.

"लिही तू," हर्षद म्हणाला आणि त्याने पेन्सिल नमिताच्या हातात दिली. तिने वर नाव लिहिलं, खाडवळ. मग घरं, जेवण, नमस्कार. कालवांच्या घराला तिने दार समुद्राकडे दिलं, ते आधी नव्हतं. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "हे बदलायचं झालं तर मला विचारायचं. सुयोगला नाही."

रविवारी वाचनालयात बारा मुलं जमली. चिठ्ठ्या निघाल्या. खाडवळांची एक चिठ्ठी दादू नावाच्या सगळ्यात लहान पोराला आली. तिथी सप्तमी, पण गोष्टीतला दिवस हर्षदने पौर्णिमेचा धरला होता. दादूने नमिताकडून वेळा समजून घेतल्या आणि भरती येईपर्यंत तो दगडामागे लपून बसला, अगदी श्वास रोखून. भरती आली आणि या चिमुरड्याने एकट्याने तीन कातळे उलथवले! त्यातला एक सुयोग चालवत होता. टाळ्या, आरडाओरडा, संघमित्राताईंनी शेवटी सगळ्यांना गप्प बसायला लावलं. रडत कुणीच उठलं नाही. पण कातळे झालेल्या दोन पोरांची तोंडं जरा उतरली होती, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

हर्षदच्याही नाही. खेळ संपल्यावर त्याने मला उचललं आणि खाडवळांचं पान उघडलं. मित्रांनो, पुन्हा तेच पान, पुन्हा मी! कागद दोन बोटांवर राहिला असेल, आणि त्याचा हात थांबला.

"नमिता, इकडे ये ना," त्याने हाक मारली. "भरतीचं बळ जरा जास्त होतंय असं मला वाटतं. तुला काय वाटतं?"

ती आली, पानावर वाकली. बराच वेळ विचार केला. मग तिने माझ्यासाठी हात पुढे केला. "दे इकडे. एकाने कमी करते," ती म्हणाली. "जिंकल्यावर समोरच्याला पण पुढच्या रविवारी यावंसं वाटलं पाहिजे ना."

आणि तिने स्वतःच्या माणसांचा एक गुण स्वतःच्या हाताने खोडला. किती हलका हात होता तो! मला कळलंसुद्धा नाही की मी झिजलो.

आता माझ्यात फार तर दहा-बारा शब्दांपुरता जीव उरला आहे. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. मला कर्कटकाने टोचू नका, चावू नका, काम झालं की कंपासपेटीत जागेवर ठेवा. एवढं तर माझ्यासाठी कराच. आणि एक गोष्ट दुसऱ्यांसाठी करा. तुम्ही खेळ रचा, गोष्ट लिहा, नियम करा, चुका भरपूर करा, मी आहे पुसायला. पण ज्यांच्याविषयी लिहाल त्यांना आधी विचारा. कारण मला फक्त खोडता येतं, बाळांनो. त्या पानावर खाडवळ पुन्हा आले ते माझ्यामुळे नाही. हर्षद बोटीत बसून विचारायला गेला, म्हणून आले.